तंबोरा किती मागे बसला आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवा अँप्लिफायर आणि मध्यम आकाराचे दोन स्पीकर घेतलेत, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये हॉलच्या भिंतीशी मांडलेत, आणि आता ‘ज्यांचं रेकॉर्डिंग अव्वल दर्जाचं आहे असे अल्बम सांगा’ म्हणताय. जाता जाता दोन ओळी आणखी लिहिल्यात. परदेशी याद्यांमधले अल्बम लावून पाहिले, आवाज चकचकीत आहे पण आत काही हललं नाही. आणि आवडीची नवी गाणी लावली की पंधरा-वीस मिनिटांत कान थकतात, आवाज कमी करावासा वाटतो.

खरा प्रश्न मला या दोन ओळींत दिसतो. अल्बमची नावं मी देणार आहेच, पण नुसती नावं दिली तर ती लावूनही तुम्ही इथेच परत याल. म्हणून चांगलं ध्वनिमुद्रण मी कशाला म्हणते ते आधी सांगते.

मी २६ वर्षं पुण्यात ध्वनिमुद्रण करते आहे. बहुतेक काम शास्त्रीय गायन-वादनाचं, थोडं नाट्यसंगीत, अधूनमधून चित्रपटाचं. बालपण मिरजेत गेलं. तिथे तंबोरे बनवणाऱ्यांच्या दुकानांसमोरून रोज शाळेत जायचे. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवत कारागीर जवारी लावत असायचा. धागा केसभर पुढे-मागे झाला की कोरडी, मुकी तार एकदम बोलायला लागायची आणि एका तारेतून चार-पाच स्वर उठून दुकानाच्या लाकडी माळ्याला जाऊन लागायचे. माझा कान तिथे घडला. त्यामुळे पुढचं सगळं तंबोऱ्याच्या बाजूने झुकलेलं असेल. रॉक किंवा इलेक्ट्रॉनिक संगीतात मुरलेला माणूस याच प्रश्नाचं वेगळं उत्तर देईल, आणि तेही बरोबर असेल.

कामाला लागल्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका ज्येष्ठ गायिकेचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आलं. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्याचा दिवाणखाना, खाली शहाबादी फरशी, वर सागवानी तक्तपोशी. मी तबल्याला वीतभर अंतरावर माईक लावला, डग्ग्याला वेगळा, हार्मोनियमला वेगळा, दोन तंबोऱ्यांना दोन, गळ्याला एक. फरशीवर जाड जाजम, भिंतींना गाद्या. प्रत्येक वाद्य आरशासारखं स्वच्छ आलं. संध्याकाळी बाईंना ऐकवलं. त्या बराच वेळ डोळे मिटून बसल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, आम्ही एका बैठकीवर बसलो होतो, आणि यात सगळे वेगवेगळ्या घरात बसून वाजवतायत.’

दुसऱ्या दिवशी त्यांनीच अर्धं जाजम गुंडाळायला लावलं. मी समोर साधारण सहा फुटांवर माईकची एक जोडी उभी केली आणि गळ्याला एक माईक आधारापुरता ठेवला. तंबोरे त्यांच्या मागे, नेहमीच्या जागी. तबल्याची चाट फरशीवरून परतून येत होती, तंबोरा गळ्याच्या मागे दीड-दोन हातांवर ऐकू येत होता. स्वच्छता कालच्यापेक्षा कमी होती. रस्त्यावरच्या सायकलच्या घंटीने एक जागा खराबही झाली. पण गाणं एका खोलीत आलं होतं. त्या दिवसापासून कोणतंही रेकॉर्डिंग लावलं की मी पहिला प्रश्न हाच विचारते: तंबोरा किती मागे बसला आहे? म्हणजे कोण कुठे बसलंय, त्यांच्यामध्ये हवा किती आहे, आणि ती खोली केवढी आहे. याचं उत्तर ज्या रेकॉर्डिंगमध्ये मिळतं ते माझ्या लेखी चांगलं. उपकरणं, फॉरमॅट, बिटांचे आकडे हे सगळं त्यानंतर.

आता अल्बम. पहिलं नाव घेते ते ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’. मोहनवीणेवर, म्हणजे गिटारपासूनच घडवलेल्या वाद्यावर, विश्वमोहन भट्ट, स्लाइड गिटारवर राय कूडर, तबल्यावर सुखविंदर सिंग नामधारी, आणि दुंबेक या हाताने वाजवायच्या तालवाद्यावर राय यांचा चौदा वर्षांचा मुलगा योआकिम. सप्टेंबर १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराच्या एका सेमिनरीच्या चॅपेलमध्ये हे झालं. १९९३ मध्ये अल्बम निघाला, १९९४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. ‘वॉटर लिली अकूस्टिक्स’ची ही निर्मिती. कविचंद्रन अलेक्झांडर यांचं हे छोटं लेबल, आणि उपकरणं टिम द पाराव्हिचिनी यांनी मुद्दाम बांधलेली, व्हॅल्व्हवर चालणारी. इक्वलायझर, कम्प्रेसर, लिमिटर, नॉइज रिडक्शन, आवाजात फेरफार करणारं काहीही वापरलं नाही. नंतर मिक्सिंगही नाही. जे दोन ट्रॅकवर गेलं तेच तुमच्यापर्यंत येतं.

माईकची मांडणी इथे समजून घेण्यासारखी आहे. अ‍ॅलन ब्लुमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ मध्ये स्टीरिओचं पेटंट दाखल केलं, त्याच्या नावाने ती ओळखली जाते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा, म्हणजे पुढून आणि मागून ऐकणारा पण बाजूंना बहिरा, असे दोन माईक एकावर एक, काटकोनात. पुढच्या बाजूने वादक येतात, मागच्या बाजूने चॅपेल येतं. या मांडणीत लपवाछपवी चालत नाही. तबला मोठा वाटला तर मिक्सरवरचा त्याचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खाली ओढता येत नाही, तबलजींनाच दोन फूट मागे बसवावं लागतं. आवाजाचा सगळा तोल माणसं कुठे बसली यावर ठरतो, तोही टेप सुरू होण्याआधी. हा अल्बम तुमच्या स्पीकरवर लावा आणि दोन गिटारींमधल्या रिकाम्या जागेकडे लक्ष द्या. एकाची तार थांबते तेव्हा तिचा शेवट दगडी भिंतींवरून परत येतो, आणि त्या परतीत दुसरा शिरतो. दोघे नुकतेच भेटले होते. एकमेकांचं ऐकून वाजवणं म्हणजे काय ते इथे अक्षरशः ऐकू येतं, कारण दोघे एकाच हवेत बसलेत. एक सांगून ठेवते, ही मांडणी स्पीकरसाठी आहे. हेडफोनवर खोली डोक्याच्या आत आक्रसते.

याच्या अगदी उलट वाटेने जाणारा, तरीही माझ्या वरच्या तीनांतला अल्बम म्हणजे ‘कॉल ऑफ द व्हॅली’, १९६७. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा, तबल्यावर माणिकराव पोपटकर. पहिले तिघे तेव्हा तिशीच्या अलीकडे-पलीकडे होते. एचएमव्हीसाठी याची निर्मिती जी. एन. जोशी यांनी केली. मराठी रसिकांना ते भावगीत गायक म्हणून माहीत आहेत. ‘रानारानांत गेली बाई शीळ’ घराघरांत पोचवणारा गळा त्यांचा. गाणारा माणूस निर्माता असला की काय होतं ते इथे दिसतं. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस पहाटेच्या अहीरभैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत मांडलाय, आणि प्रत्येक वाद्याला कथेतली जागा दिलीय. हे स्टुडिओतलं काम आहे, घुमारा बेतलेला आहे, चॅपेलसारखी खरी खोली यात नाही. पण बेतणाऱ्याच्या डोळ्यासमोर दरी होती. संतूरच्या तारेवर कलम पडल्यावर पहिला टणत्कार संपतो आणि मागे स्वराची धूळ खाली बसत राहते, ती शेवटपर्यंत ऐका. स्पीकर किंवा खोली गडबड करत असेल तर ही धूळ सगळ्यात आधी नाहीशी होते. मी नवीन स्पीकर तपासताना हाच अल्बम वापरते, आणि तुम्ही म्हणता ते ‘आत हलणं’ इथे होईल असं मला वाटतं.

तुमच्या पत्रातल्या परदेशी यादीत ‘काइंड ऑफ ब्लू’ असणारच. त्याला घाईने बाजूला ठेवू नका. जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने १९५९ मध्ये, २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत, न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत तो केला. ती वास्तू मुळात चर्चची होती, छत खूप उंच. तीन ट्रॅकची टेप होती. ट्रंपेट, दोन सॅक्सोफोन, पियानो, बास, ड्रम्स एवढा संसार तीन ट्रॅकवर बसवायचा म्हणजे तोल वाजवतानाच साधावा लागतो. ड्रमवादक जिमी कॉबची झांज कशी फुटते आणि उंच छताखाली कशी विरघळते ते ऐकलंत की पुढे बंद झालेल्या या स्टुडिओबद्दल वाद्यवृंदवाले आजही हळहळ का करतात ते कळेल.

या अल्बमची एक हकिकत सांगायलाच हवी, कारण ती तुमच्या पैशांशी जोडलेली आहे. २ मार्चच्या बैठकीत वापरलेलं मुख्य टेप यंत्र किंचित सावकाश फिरत होतं. सावकाश भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की संगीत जलद आणि चढ्या पट्टीत येतं. परिणामी पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना तीस वर्षांहून अधिक काळ लोकांनी थोड्या चढ्या ऐकल्या. त्यावर वाजवून सराव करणाऱ्यांना आपलंच वाद्य उतरलंय असं वाटायचं. १९९० च्या दशकात दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून दुरुस्त आवृत्ती निघाली. आपल्याकडे पट्टीचा एवढा विचार करतात, पण कोणती आवृत्ती ऐकतोय हे फार थोडे पाहतात. अल्बमचं नाव म्हणजे अर्धा पत्ता झाला. कोणत्या वर्षी, कोणत्या टेपवरून, कुणी मास्टर केलं, म्हणजे प्रकाशनाआधी आवाजावर शेवटचा हात फिरवला, हा उरलेला अर्धा. एकाच अल्बमच्या दोन आवृत्त्यांत दोन स्पीकरांच्या फरकापेक्षा मोठा फरक मी अनेकदा ऐकला आहे. स्ट्रीमिंगवर शोधताना एकच अल्बम तीन-चार रूपांत दिसला, तर पाच मिनिटं काढून सगळी ऐका. नवं म्हणजे चांगलं असं धरून चालू नका. तुलना करताना दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्या, नाहीतर जे जरा मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं. या फसवणुकीतून माझीही सुटका नाही, म्हणून मी आजही तुलना करण्याआधी मीटरवर पातळी जुळवून घेते.

जॅझ पियानोवादक किथ जॅरेटचा ‘द कोल्न कॉन्सर्ट’ वेगळ्या कारणासाठी सुचवते. २४ जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कोलोनचं ऑपेरा हाउस, रात्री साडेअकराची वेळ. मागवलेला पियानो आला नाही. जो मिळाला तो लहान, वरच्या स्वरांत पातळ, खालच्यात दुबळा, पेडल नीट न चालणारा. जॅरेटने बराचसा वेळ मधल्या सप्तकात काढला आणि डाव्या हाताने तीच तीच आकृती घोळवत खर्जाची उणीव भरली. ईसीएम या लेबलसाठी ध्वनिमुद्रक मार्टिन वीलंड यांनी माईकच्या एका जोडीवर ते टिपलं. वाद्य सामान्य, ध्वनिमुद्रण थोर, असं उदाहरण याहून स्पष्ट नाही. पियानोची खोट झाकलेली नाही. वरचे स्वर काचेसारखे वाजतात ते तसेच ऐकू येतात. पण वादकाचा पाय, त्याचं कण्हणं, दीड हजारांच्या जवळपास माणसांची शांतता, सगळं जागच्या जागी आहे. तुमच्या स्पीकरवर हा पियानो गोड आणि भरदार वाटला, तर स्पीकर स्वतःच्या पदरचं काहीतरी घालताहेत असं समजा.

‘काउबॉय जंकीज’ या कॅनडाच्या गटाचा ‘द ट्रिनिटी सेशन’ही असाच. २७ नोव्हेंबर १९८७ रोजी टोरोंटोच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये, मध्ये एकच अँबिसॉनिक, म्हणजे सगळ्या दिशांनी ऐकणारा, माईक आणि भोवती वादक. मोठ्याने वाजणारे लांब, हळू वाजणारे जवळ. गायिका मार्गो टिमिन्सचा आवाज मात्र चर्चमध्ये असलेल्या पीए सिस्टीममधून, म्हणजे श्रोत्यांसाठीच्या ध्वनिक्षेपकांतून, येतो, आणि तो स्पीकरही त्या माईकपुढे मांडलेल्या वाद्यांपैकीच एक होऊन जातो. रात्री दिवे मालवून कमी आवाजात ऐकण्यासारखा अल्बम. संगीताची ही जात माझी नव्हे, तरी वर्षातून दोनदा तरी मी तो लावतेच.

स्वीडनचा ‘जॅझ अ‍ॅट द पॉनशॉप’ तुम्ही ऐकलाच असेल. स्टॉकहोमचा स्टाम्पेन क्लब, डिसेंबर १९७६, ध्वनिमुद्रक गेर्ट पाल्मक्रान्ट्स. ग्लासांची किणकिण, लोकांची कुजबुज, सगळं टेबलाटेबलागणिक ऐकू येतं. ध्वनिमुद्रण म्हणून निर्दोष. संगीत मात्र मला चाळीस मिनिटांपेक्षा जास्त धरून ठेवत नाही, आणि तुमच्याबाबतही तेच झालं असावं. त्यात संकोच वाटायचं कारण नाही. स्टीली डॅन या अमेरिकन गटाचा ‘एजा’, १९७७, हा पूर्णपणे स्टुडिओत घडवलेला, ग्रॅमीने ध्वनिमुद्रणासाठी गौरवलेला. त्यात खोली शोधू नका. तिथे घडणावळ पाहायची, सोनाराची पाहतो तशी.

आता आपल्याकडचं. किशोरीताईंची, म्हणजे किशोरी आमोणकरांची, भूप आणि बागेश्रीची एलपी तुमच्याकडे नसेल तर आधी ती मिळवा. ‘सहेला रे’मध्ये स्वर लावताना त्यांचा आवाज तंबोऱ्यातून वेगळा निघत नाही, त्याच्यातच उमलतो. एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटंच मिळायची, त्या मर्यादेत विस्तार बसवण्याचं शिस्तीचं कामही इथे आहे. ध्वनिमुद्रण त्या काळच्या एचएमव्हीच्या पद्धतीचं, साधं, गळा पुढे ठेवणारं. तंबोरा मला हवा त्यापेक्षा थोडा दबलेला आहे, तरीही गळ्याची पोत इतकी जवळून, इतक्या आब राखून टिपलेली फार कमी ठिकाणी सापडते.

चित्रपटसंगीतात एच. श्रीधर हे नाव लक्षात ठेवा. ए. आर. रहमान यांच्या अनेक अल्बममागचे हे ध्वनिमुद्रक २००८ मध्ये गेले. ‘दिल से’, १९९८, चांगल्या सीडीवरून ऐका. थरावर थर असूनही प्रत्येक वाद्याला श्वास घ्यायला जागा ठेवलीय, आणि खर्ज भरपूर असूनही तो गळ्यावर चढत नाही. मराठीत ‘सैराट’, २०१६. अजय-अतुल यांनी त्यातला सिंफनी वाद्यवृंद लॉस एंजलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मुद्रित केला. भारतीय चित्रपटासाठी हे तिथे प्रथमच झालं. ‘याड लागलं’मध्ये तंतुवाद्यांचा ताफा उचल घेतो तेव्हा मागे मोठी खोली उघडते, ती सॅम्पलमधून, म्हणजे संगणकात साठवलेल्या वाद्यांच्या तयार आवाजांतून, आणता येत नाही. गाण्याचं मास्टर मात्र मोबाईलवर आणि वरातीत वाजेल या हिशोबाने भरलेलं आहे, असं माझं मत. तो वाद्यवृंद थोडा मोकळा सोडला असता तर मी हा अल्बम परदेशी याद्यांच्या शेजारी मांडला असता.

इथूनच तुमचे कान का थकतात त्याकडे येते. गाणं प्रकाशित होण्यापूर्वी मास्टरिंग होतं. त्यात लिमिटर लावून मोठ्या जागा दाबतात आणि सगळंच वर उचलतात, म्हणजे शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं मोठं वाटावं. १९९० च्या दशकापासून ही चढाओढ वाढत गेली. सीडीच्या १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला असतो, पण कित्येक गाणी त्यातल्या वरच्या पाच-सहा डेसिबलांतच कोंबून बसवलेली असतात. विलंबितात श्वासाएवढा हळू लागलेला स्वर आणि द्रुतातली तान यांतलं अंतर हाच आपल्या संगीताचा प्राण. ते अंतर काढून घेतलं की कानाला विसावाच मिळत नाही. आता स्पॉटिफायसारख्या सेवा सगळी गाणी साधारण एकाच पातळीला, उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं हे माप) आसपास, आणतात. त्यामुळे मोठं मास्टर करण्याचा फायदा उरलेला नाही, पण दाबलेलं दाबलेलंच राहतं. म्हणून थकवा येतो तेव्हा दोष तुमच्या कानांचा नाही, आणि बहुधा स्पीकरांचाही नाही.

बहुधा म्हणते, कारण दुसरा संशयित तुमचा हॉल आहे. व्हिट्रिफाइड फरशी, सरकत्या काचा, रिकाम्या भिंती, वर पीओपी. हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. तिच्या मागे झणझण अशी शेपटी ऐकू आली, तर तीच शेपटी तुमच्या प्रत्येक गाण्याला लागते आहे. काही विकत घ्यायच्या आधी हे करा: स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे ओढा, दोघांमध्ये आणि तुमच्यामध्ये साधारण समभुज त्रिकोण होईल असे बसा, ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग, कानाच्या उंचीला आणा. स्पीकर आणि सोफा यांच्यामध्ये सतरंजी अंथरा, काचेवर जाड पडदा ओढा, एखाद्या भिंतीला पुस्तकांचं कपाट असेल तर उत्तमच. पण सगळंच गाद्यांनी मढवू नका. वाड्यात मी पहिल्या दिवशी तेच केलं होतं.

फॉरमॅटबद्दल फार लिहीत नाही. व्यवस्थित बनवलेली सीडी, किंवा तेवढ्याच दर्जाचं लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळणारं, स्ट्रीमिंग, ऐकायला पुरेसं आहे. एवढंच पाहा की फोनवरून ब्लूटूथने पाठवलंत तर आवाज वाटेत पुन्हा आकुंचित होतो, म्हणून वायर लावा. एमपी३ घडवताना कार्लहाइन्झ ब्रँडेनबर्ग यांनी सुझान व्हेगाचं ‘टॉम्स डायनर’ पुन्हा पुन्हा ऐकून तपासलं होतं. वाद्याविना एकटा गळा, म्हणून त्यावर झालेली मोडतोड ताबडतोब कळायची. तुम्हीही तपासायला एकटा गळाच घ्या. ढोल आणि खर्जावर कोणतेही स्पीकर छाप पाडतात. माणसाचा आवाज मात्र आपण जन्मल्यापासून ऐकतोय, त्यात खोटं चटकन सापडतं.

लाइव्ह मैफलींच्या ध्वनिमुद्रणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक ओळ. मंडपात पीएच्या मिक्सरमधून सरळ घेतलेली मुद्रणं कोरडी असतात, कारण सभागृहात जे आधीच मोठं ऐकू येतं ते मिक्सरमध्ये कमी ठेवलेलं असतं. पण त्यांतली काही गाणी अशी आहेत की मी ती कुठल्याही अव्वल ध्वनिमुद्रणाच्या बदल्यात देणार नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही तीन मिनिटांची झिंझोटी तर लाइव्हही नाही, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या खरखरत्या तबकडीवरची. मिरजेत आमच्या शेजारच्या घरात ती वाजायची. खर्ज नाही, वरचे स्वर नाहीत, तरी गळा समोर बसल्यासारखा. तिला मी ‘उत्तम ध्वनी’च्या यादीत घालणार नाही, पण तुमचे स्पीकर ती वाजवण्याच्या लायकीचे आहेत का, हे नक्की पाहीन.

थोडक्यात क्रम सांगते. आधी स्पीकर पुढे ओढा, सतरंजी अंथरा, टाळी वाजवून बघा. मग ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची पहिली बाजू, घरात बोलतो त्या पातळीला. दुसऱ्या दिवशी ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ पूर्ण, साधारण चाळीस मिनिटं लागतील, मध्ये फोन घेऊ नका. तिसऱ्या दिवशी ‘सहेला रे’. तेव्हा डोळे मिटून हात पुढे करा आणि तंबोरा कुठे बसलाय तिकडे बोट दाखवा. दोन्ही स्पीकरांच्या मध्ये, गळ्याच्या जरा मागे बोट गेलं, की मांडणी जमली. तसं झालं नाही, तर हॉलची लांबी-रुंदी आणि स्पीकर कुठे ठेवलेत ते लिहा, पुढचं बघू.